संशोधनाची वाट : टाऊन हॉलपासून चिंचोटीपर्यंत

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर वसईच्या पूर्वेस चिंचोटीचा नाका लागतो. येथून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. एका बाजूस मालमोटारींची रात्रंदिवस चालणारी वर्दळ आणि दुसऱ्या बाजूस तुंगारेश्वराची वनश्री, असे या परिसराचे दुहेरी रूप आहे. चिंचोटीच्या धबधब्यामुळे मुंबई-ठाण्याच्या लोकांना हे नाव परिचित झाले आहे. परंतु या परिसराची आणखी एक ओळख आहे आणि ती विद्वानांच्या नियतकालिकांत व ग्रंथांत नोंदलेली आहे. येथून काही कोसांवरील सोपारा हे प्राचीन बंदर, वसईचा किल्ला, या डोंगरांतील वनस्पती व पशुपक्षी, येथील वारली समाज यांविषयी गेल्या दीड शतकात पुष्कळ संशोधन झाले आहे.

चिंचोटीच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना परिसराचा इतिहास शिकविण्याचे मनावर घेतले, तर हे संशोधन त्याच्या हाती पडेल काय? हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास प्रकाशक, ग्रंथालये, विद्यापीठे आणि शासन या सर्वांच्या व्यवहारापर्यंत जावे लागते. संशोधकाने लावलेला शोध तपासला जाणे, प्रसिद्ध होणे, जतन होणे आणि गरजूंपर्यंत पोहोचणे, या साऱ्या व्यवहारास विद्वत्संवाद असे म्हणता येईल. हा व्यवहार आज जगभर झपाट्याने पालटत आहे. त्या पालटाचे स्वरूप काय आहे आणि गावपातळीवरील वाचकाशी त्याचा संबंध कसा पोहोचतो, हे समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सोपाऱ्याचा लेख

विषय स्पष्ट होण्यासाठी आपल्या परिसरातीलच एक उदाहरण घेऊ. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथे ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. ते टेकाड म्हणजे प्राचीन बौद्ध स्तूप होता. त्याच्या गाभ्यात दगडी करंडक सापडला. त्यात एकात एक ठेवलेले धातूचे व स्फटिकाचे लहान करंडक, सोन्याची फुले, बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यास मिळाला. पश्चिम किनाऱ्यावरील हे बंदर मौर्यकाळी किती महत्त्वाचे होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

हा शोध जगास कळला तो एका लेखामुळे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आणि १८८२ मध्येच स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपानेही निघाला. या संस्थेचा आरंभ १८०४ साली मुंबईत स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीपासून होतो. तिचे नियतकालिक १८४१ पासून निघू लागले. आज ती एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या नावाने टाऊन हॉलमध्ये उभी आहे आणि सोपाऱ्याचे अवशेष तिच्याच संग्रहात आहेत.

या लेखाच्या जन्माची एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भगवानलाल हे प्राचीन लिपी व नाणी यांचे थोर जाणकार होते. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. परंतु ते आपले लेखन गुजरातीत करीत आणि सहकारी विद्वान त्याचे इंग्रजी भाषांतर करीत. म्हणजे ज्ञान देशी भाषेत निर्माण झाले, भाषांतराने जगात गेले आणि ज्या गावच्या मातीतून ते निघाले, तेथील लोकांच्या भाषेत मात्र परतले नाही. सोपाऱ्याच्या शेतकऱ्यास, चिंचोटीच्या वारल्यास अथवा वसईच्या शाळामास्तरास तो लेख त्या काळी वाचता येणे शक्य नव्हते. तो सभासदांसाठी होता, इंग्रजीत होता आणि मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये होता.

भाषेची अडचण, किमतीची अडचण आणि अंतराची अडचण अशा तीन अडचणी या एका लेखात एकवटलेल्या दिसतात. पुढील सारे विवेचन या तीन अडचणींभोवतीच फिरते.

नियतकालिकांची प्रथा

विद्वानांच्या नियतकालिकाची प्रथा सुमारे साडेतीन शतके जुनी आहे. १६६५ साली पॅरिस येथे ‘जुर्नाल दे साव्हाँ’ आणि लंडन येथे रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही दोन नियतकालिके निघाली. तत्पूर्वी विद्वान एकमेकांस पत्रे लिहून आपले शोध कळवीत. नियतकालिकामुळे तीन गोष्टी साधल्या. शोध प्रथम कोणी लावला याची नोंद झाली, तो इतर जाणकारांकडून तपासून घेण्याची रीत हळूहळू रूढ झाली, आणि ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या अंकांमुळे तो पुढील पिढ्यांसाठी जतन झाला.

महाराष्ट्रातही ही परंपरा समृद्ध आहे. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले आणि मराठीतून गंभीर विषयांची चर्चा करण्याचा पायंडा पडला. मुंबईत १८७२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ सुरू झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि त्याचे वार्षिक जगभरच्या प्राच्यविद्या पंडितांत मान्यता पावले. ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींच्या पुढाकाराने १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पुढे १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. निसर्गविज्ञानाच्या क्षेत्रात १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघत आले आहे. सह्याद्री व कोकणातील प्राणी-वनस्पतींच्या असंख्य नोंदी त्यात आढळतात.

या साऱ्या संस्थांत एक समान सूत्र होते. नियतकालिक चालविणारी मंडळी विद्येच्या प्रेमाने एकत्र आली होती. वर्गणी येई ती कागद, छपाई व टपाल यांचा खर्च भागविण्यासाठी. नफा हे प्रयोजन नव्हते.

किमतीचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. विज्ञानसंशोधनावर शासने मोठा खर्च करू लागली, लेखांची संख्या वाढली आणि व्यापारी प्रकाशकांनी या क्षेत्रात प्रवेश केला. आज जगातील महत्त्वाच्या नियतकालिकांचा मोठा हिस्सा एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वाइली, टेलर अँड फ्रान्सिस आणि सेज अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे.

हा व्यवहार इतर व्यापारांपेक्षा निराळा आहे. शेतकरी भात पिकवितो आणि त्याची किंमत घेतो. संशोधक लेख लिहितो, पण प्रकाशक त्यास मोबदला देत नाही. त्याचे वेतन विद्यापीठ अथवा संशोधनसंस्था देते आणि त्यामागे बहुधा शासनाचा, म्हणजे जनतेचा, पैसा असतो. लेख तपासणारे अन्य विद्वानही हे काम सामान्यतः विनावेतन करतात. तयार झालेला अंक मात्र त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयास वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. एका नियतकालिकाऐवजी दुसरे घेऊन काम भागत नाही, कारण प्रत्येक लेख एकमेव असतो. त्यामुळे किंमत वाढली तरी ग्रंथपालास ते नाकारणे अवघड जाते. वर्गणीचा बोजा वाढला की पुस्तकांच्या खरेदीस कात्री लागते, हा अनुभव जगभरच्या ग्रंथालयांनी घेतला आहे.

संगणकीय महाजालामुळे छपाई व टपालाचा खर्च घटला. त्यामुळे किमती उतरतील अशी अपेक्षा होती, परंतु प्रत्यक्षात व्यवहाराचे स्वरूपच बदलले. पूर्वी ग्रंथालय अंक विकत घेई आणि तो त्याच्या मालकीचा होई. वर्गणी थांबली तरी जुने अंक कपाटात राहत. आता ग्रंथालय बहुधा वाचण्याचा परवाना विकत घेते. परवान्याची मुदत संपली की, करारात तशी तरतूद नसल्यास, जुने अंकही दिसेनासे होऊ शकतात. घर विकत घेणे आणि भाड्याने राहणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

यातून एक विपरीत स्थिती निर्माण झाली आहे. सोपाऱ्याचा १८८२ मधील लेख स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे आज कोणासही महाजालावर विनामूल्य वाचता येतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंडही असेच उपलब्ध आहेत. उलट याच परिसरातील वनस्पतींवर गेल्या वर्षी एखाद्या परदेशी नियतकालिकात लेख आला असेल, तर तो वाचण्यासाठी काही हजार रुपये भरण्याची सूचना चिंचोटीच्या वाचकाच्या पडद्यावर उमटण्याचा संभव आहे. जुने ज्ञान जवळ आले आणि नवे ज्ञान दूर राहिले, असा हा प्रकार आहे.

मुक्त प्रवेशाचा मार्ग

या परिस्थितीवर उपाय म्हणून मुक्त प्रवेशाची कल्पना पुढे आली. १९९१ साली भौतिकशास्त्रज्ञांनी आपले लेख छपाईपूर्वीच सर्वांस खुले करणारा ‘अर्काइव्ह’ हा संगणकीय संग्रह सुरू केला. २००२ साली बुडापेस्ट येथून प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने, संशोधनपर लेख वाचकास विनामूल्य व निर्बंधाविना मिळावेत, असे तत्त्व मांडले.

हे तत्त्व अमलात आणण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्या मार्गात लेखक आपल्या लेखाची प्रत विद्यापीठाच्या अथवा अन्य सार्वजनिक संग्रहात ठेवतो. भारतात ‘शोधगंगा’ हे याचे ठळक उदाहरण होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमानंतर पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात जमा करण्याची व्यवस्था झाली. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र हा संग्रह सांभाळते. त्यात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि त्यांत मराठीत लिहिलेले प्रबंधही आहेत. पूर्वी विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडणारा प्रबंध आता तालुक्याच्या गावी बसून वाचता येतो, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या मार्गात नियतकालिकच वाचकास खुले असते. अशा नियतकालिकाचा खर्च एखादी संस्था अथवा शासन सोसते, नाही तर तो लेखकाकडून प्रकाशनशुल्क म्हणून घेतला जातो. शुल्काच्या पद्धतीत वाचकासमोरचा अडसर दूर होतो, पण तो लेखकासमोर उभा राहतो. मोठ्या नियतकालिकांचे शुल्क लाखांच्या घरात जाते आणि ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकास ते परवडणे कठीण असते.

शुल्काच्या पद्धतीतून एक अनिष्ट प्रकारही वाढीस लागला. पैसे घ्यावयाचे आणि लेख न तपासताच छापावयाचा, असा धंदा करणारी बनावट नियतकालिके निघाली. नोकरी व बढतीसाठी लेखांची संख्या मोजली जात असल्याने त्यांस ग्राहकही मिळाले. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्यानंतर ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी तयार झाली आणि तिच्या कामात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राचा महत्त्वाचा वाटा होता. २०२५ च्या आरंभी आयोगाने ही यादीही बंद केली आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी उच्च शिक्षणसंस्थांवर सोपविली. आता यंत्राकडून लेख लिहवून घेण्याची सोय झाल्याने ही पारख अधिकच अवघड व अधिकच आवश्यक ठरली आहे. यादी पाहून निर्णय घेणे सोपे असते. लेख वाचून निर्णय घेण्यास वेळ व विवेक लागतो.

एक राष्ट्र, एक वर्गणी

वर्गणीच्या प्रश्नावर भारत शासनाने निराळा उपाय योजला आहे. ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे एक राष्ट्र, एक वर्गणी, या नावाच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. पूर्वी प्रत्येक संस्था अथवा संस्थांचा गट स्वतंत्रपणे वर्गणी भरत असे. आता ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्रीय पातळीवरून एकत्रितपणे घेतली जातात. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक शिक्षण व संशोधनसंस्था आणि त्यांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक हे या योजनेचे लाभार्थी ठरविले गेले.

वार्षिक खर्च लाभार्थींच्या संख्येने भागल्यास दर व्यक्तीमागे सुमारे अकराशे रुपये पडतात. एकाच लेखासाठी काही हजार रुपये मागितले जातात, हे पाहता एकत्रित खरेदीचा लाभ स्पष्ट होतो. लहान शहरांतील शासकीय महाविद्यालयांस नामांकित विद्यापीठांच्या बरोबरीने वाचनाची सोय मिळते, हाही मोठाच लाभ होय.

तथापि, योजनेच्या मर्यादाही जाणून घ्यावयास हव्यात. पहिल्या टप्प्यातील सोय शासकीय संस्थांपुरती आहे. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा मोठा भार खासगी शिक्षणसंस्थांनी चालविलेल्या महाविद्यालयांवर आहे आणि सामान्य नागरिक तर कोणत्याच संस्थेत मोडत नाही. पुढील टप्प्यांत खासगी संस्थांचा समावेश करावा आणि सार्वजनिक ग्रंथालयांतील ठरावीक केंद्रांतून नागरिकांस हे वाङ्मय वाचता यावे, असा विचार योजनेच्या आखणीत मांडला गेला आहे. हा विचार प्रत्यक्षात उतरला, तर चिंचोटीच्या शिक्षकास वसईच्या एखाद्या ग्रंथालयात बसून जगातील अद्ययावत संशोधन वाचता येईल. म्हणून सार्वजनिक ग्रंथालयांनी आतापासूनच त्यासाठी सिद्ध राहणे इष्ट आहे.

मराठी नियतकालिकांची स्थिती

या १३,००० नियतकालिकांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आहे. मराठीतील संशोधनपर नियतकालिकांपुढील प्रश्न याच्या नेमका उलट आहे. त्यांची वर्गणी अल्प असते, परंतु वर्गणीदार थोडे आणि लेखक त्याहून थोडे. संपादन बहुधा सेवाभावाने चालते. एखादा निष्ठावान संपादक निवृत्त झाला की अंक रखडतो. त्यांचे जुने अंक किती ग्रंथालयांत सलग आहेत, हे पाहू गेल्यास निराशाच पदरी पडते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचा गौरव तिच्या प्राचीनतेत आहेच, परंतु तिचे भवितव्य नवे ज्ञान तिच्यात लिहिले जाते की नाही यावर अवलंबून राहील. या दिशेने झालेले प्रयत्न उत्साहवर्धक आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आज त्याचे सर्व वीस खंड महाजालावर विनामूल्य वाचता येतात आणि विषयवार ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदींची भर पडत असते. राज्य मराठी विकास संस्थेने मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील दोलामुद्रिते, म्हणजे मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतील ग्रंथ, संगणकावर आणून वाचकांस खुली केली. ठाणे जिल्ह्याचे १८८२ मधील गॅझेटियरही आता महाजालावर उपलब्ध आहे. वसई, सोपारा व तुंगारेश्वर या स्थळांची माहिती त्यात पाहावयास मिळते.

नियतकालिक महाजालावर चालविण्यासाठी लागणारी साधनेही आता विनामूल्य मिळतात. लेख स्वीकारणे, तज्ज्ञांकडे तपासणीसाठी पाठविणे आणि प्रसिद्ध करणे ही सर्व कामे करणारी ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही संगणकप्रणाली कोणासही वापरता येते. खर्चाची बाब आता छपाईपेक्षा संपादनाची, मुद्रितशोधनाची आणि दीर्घकाळ जतन करण्याची आहे. या कामांस स्थिर आधार मिळाला, तर मराठी संशोधन नियतकालिके जगभरच्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचू शकतील.

ग्रंथालयाचे नवे कार्य

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यानुसार गावोगावी शासनमान्य ग्रंथालये उभी राहिली आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्यांना अनुदान मिळू लागले. त्यांचे मुख्य कार्य पुस्तके व वृत्तपत्रे वाचकांस देणे हे होते आणि ते आजही महत्त्वाचे आहे.

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा आशय आहे. ग्रंथाच्या जागी लेख, प्रबंध अथवा ध्वनिमुद्रण आले तरी या सूत्रांत बदल होत नाही. मात्र ग्रंथपालाचे काम बदलते. कपाटातून पुस्तक काढून देण्याबरोबरच, कोणते वाङ्मय कोठे विनामूल्य मिळते, त्यातील विश्वसनीय कोणते आणि बनावट कोणते, हे सांगणारा मार्गदर्शक म्हणून त्यास उभे राहावे लागेल.

ग्रंथालयाचे दुसरे आणि तितकेच मोलाचे कार्य जतनाचे आहे. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांस देणे बंधनकारक आहे. परंतु गावातील शाळेची स्मरणिका, पतपेढीचा सुवर्णमहोत्सवी अंक, एखाद्या निवृत्त शिक्षकाने लिहून ठेवलेली गावाची हकीकत हे साहित्य तेथवर क्वचितच पोहोचते. ते गावाच्याच ग्रंथालयाने सांभाळावयाचे असते.

गावाकडून विद्यापीठाकडे

आतापर्यंत ज्ञान विद्यापीठाकडून गावाकडे कसे येईल, याचा विचार केला. उलट दिशेचा प्रवाहही तितकाच महत्त्वाचा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. परिसरातील झाडे, औषधी वनस्पती, पिकांचे वाण, मासे, पक्षी आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची नोंद तीत व्हावयाची असते. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी राहणाऱ्या वारली वृद्धास कोणती वेल कोणत्या दुखण्यावर चालते हे ठाऊक असते. ती नोंद काळजीपूर्वक झाली, तर तेही संशोधनच होय.

के. जे. सावे यांचा वारली समाजावरील इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी ज्यांच्याविषयी लिहिले गेले, ते लोक वाचक नव्हते. आज त्यांची नातवंडे शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. आपल्या पूर्वजांविषयी काय लिहिले गेले हे वाचण्याचा आणि त्यात काही उणे असेल तर ते दाखवून देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे व नोंदी महाजालावर सर्वांस खुल्या केल्या. माहिती ज्यांच्याकडून घेतली त्यांनाही ती ऐकता यावी, ही रीत अनुकरणीय आहे. वाडवळी, सामवेदी, वारली अशा बोलींनी समृद्ध असलेल्या पालघर जिल्ह्यास तर ती विशेष उपयुक्त आहे.

अर्थात, प्रत्येक नोंद खुली करणे योग्य ठरेलच असे नाही. औषधी वनस्पतीचे स्थान अथवा एखाद्या समाजाचे खासगी विधी प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या लोकांची संमती घेणे आवश्यक आहे.

काय करता येईल?

या विषयातील मोठे निर्णय दिल्ली, मुंबई व परदेशांतील प्रकाशनसंस्था येथे होतात, हे खरे. तरीही गाव व तालुका पातळीवर पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.

शिक्षकांनी आपल्या परिसराविषयीच्या खुल्या साहित्याची एक सूची करावी. गॅझेटियर, विश्वकोशातील नोंदी, शोधगंगेतील प्रबंध आणि एशियाटिक सोसायटीचे जुने खंड यांपासून आरंभ करता येईल. इंग्रजी लेखाचा मराठी सारांश विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, तर भगवानलालांच्या लेखाचा राहून गेलेला परतीचा प्रवास पूर्ण होईल. यंत्राने केलेल्या भाषांतराचे साहाय्य घेण्यास हरकत नाही, मात्र नावे, सने व पारिभाषिक शब्द मुळाशी ताडून पाहावेत.

पंचायत सदस्यांनी गावात संशोधनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्वागत करावे आणि काम पूर्ण झाल्यावर प्रबंधाची एक प्रत व मराठी सारांश गावास देण्याची विनंती करावी. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही अपेक्षा पत्रातच नमूद केल्यास तिला वजन येईल. लोक जैवविविधता नोंदवहीची एक प्रत सुरक्षित ठेवण्याची व्यवस्थाही पंचायतीने पाहावी.

ग्रंथालयांनी स्थानिक साहित्याचे एक स्वतंत्र कपाट ठेवावे. जुने साहित्य संगणकावर घेताना नाव, लेखक, वर्ष, स्थळ आणि मूळ प्रत कोणाकडे आहे, इतकी माहिती तरी प्रत्येक नगासोबत नोंदवावी. नोंदीविना ठेवलेली प्रतिमा ही पत्ता नसलेल्या पत्रासारखी असते. स्वामित्वहक्काचेही भान ठेवावयास हवे. सामान्यतः लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून साठ वर्षे हा हक्क टिकतो. तोवर लेखकाची अथवा वारसांची लेखी अनुमती घ्यावी. चांगल्या हेतूने मागितल्यास ती बहुधा मिळते.

अध्यापक-संशोधकांनी प्रकाशकाशी करार करण्यापूर्वी तो वाचावा. लेखाची एक प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवण्याचा अधिकार अनेक प्रकाशक देतात, परंतु लेखक त्याचा उपयोग करीत नाहीत.

मुंबईच्या टाऊन हॉलपासून चिंचोटीपर्यंतचे अंतर आज मोटारीने दोन-तीन तासांत कापता येते. सोपाऱ्याच्या लेखास तेवढेच अंतर कापून खुला होण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला. यापुढे आपल्या डोंगरांविषयी, बोलींविषयी आणि माणसांविषयी जे संशोधन होईल, त्यास इतका काळ लागू नये. संशोधनावर जनतेचा पैसा खर्च होतो. ज्यांच्या भूमीतून आणि जीवनातून ते उभे राहते, त्यांच्या शाळेच्या आणि ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत ते पोहोचल्यासच त्या खर्चाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.